पारसचा कोळसा आणि अणूची घट

अकोल्याहून मुंबईकडे निघालेली गाडी गायगाव मागे टाकून पारसजवळ आली, की औष्णिक वीजकेंद्राची धुराडी दिसू लागतात. १९६० च्या दशकात येथे लहान संच उभे राहिले. त्यांच्या जागी आता २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. हे केंद्र ज्या महानिर्मिती कंपनीच्या ताब्यात आहे, त्याच कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये रशियाच्या रोसाटॉम या सरकारी महामंडळाशी थोरियमवर चालणाऱ्या लहान अणुभट्टीविषयी सामंजस्य करार केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा संमत करून या क्षेत्राचे दार खाजगी कंपन्यांना उघडले. कोळशावर जगणाऱ्या आणि कोळशाची राख श्वासात घेणाऱ्या वऱ्हाडाला अणूचा प्रश्न यापुढे कोकणापुरता मानता येणार नाही.

अशा वेळी कार्यकर्त्याच्या शिदोरीत काय असते? बहुधा एक घोषणा असते. एका बाजूला ‘अणू म्हणजे विनाश’, तर दुसऱ्या बाजूला ‘अणू म्हणजे स्वस्त आणि स्वच्छ वीज’. दोन्ही घोषणा उसन्या आहेत, आणि एखाद्या महाविद्यालयीन तरुणाने सभेत उठून साधा प्रश्न विचारला तर दोन्ही निरुत्तर होतात. अणुऊर्जेवर मत बनवायचे असेल, तर प्रथम अणूचा हिशेब मांडता आला पाहिजे. आणि तो मांडण्यास पदवी लागत नाही, तराजूचे तत्त्व कळले तरी पुरते.

वऱ्हाडातील शेतकऱ्याला ‘घट’ हा शब्द शिकवावा लागत नाही. कापूस बाजारात नेला की ओलाव्याच्या नावाने घट, मातीच्या नावाने घट, आणि काट्यात दडलेली घट निराळीच. अणुविज्ञानाचा सारा डोलारा अशाच एका घटीवर उभा आहे. हेलियमच्या अणुकेंद्रात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असतात. हे चार कण सुटे तोलले, तर त्यांचे एकत्रित वस्तुमान अणुभाराच्या एककात ४.०३१९ भरते. तेच चार कण एकत्र बांधले जाऊन हेलियमचे केंद्र बनले, की ते ४.००१५ भरते. शेकडा पाऊण भाग कमी. रुईची १७० किलोची गाठ प्रेसमधून बांधून निघाली आणि सव्वा किलोने हलकी भरली, तर शेतकरी प्रथम जिनिंगच्या मालकाकडे पाहील, आणि त्यात त्याची चूक नाही. अणूच्या बाबतीत मात्र चोर कोणी नसतो. कण एकमेकांना बिलगताना जी ऊर्जा बाहेर टाकतात, तिचेच हे वजन. वस्तुमान आणि ऊर्जा यांचे खाते एकच आहे, हे आइनस्टाइनने १९०५ साली दाखवून दिले होते. १९२० च्या सुमारास अॅस्टनने अणूंची वजने सूक्ष्मपणे मोजली, तेव्हा त्या खात्यातील पहिल्या नोंदी हाती आल्या. त्याच वर्षी एडिंग्टनने असे सुचविले, की सूर्य याच घटीवर जगत असावा.

या घटीलाच बंधनऊर्जा म्हणतात, आणि या नावाने पुष्कळ घोटाळा केला आहे. बंधनऊर्जा म्हणजे अणुकेंद्रात साठवून ठेवलेली पुंजी, असा समज अनेक पुस्तकांतूनही आढळतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ती आत असलेली ऊर्जा नव्हे. ती बाहेर गेलेली ऊर्जा होय. केंद्र पुन्हा फोडून त्याचे कण सुटे करावयाचे असतील, तर तेवढी ऊर्जा बाहेरून आणून भरावी लागेल. गहाण पडलेले शेत सोडवायला जी रक्कम मोजावी लागते, तिला कोणी शेतकऱ्याची श्रीमंती म्हणत नाही. ज्या केंद्राची दर कणामागे बंधनऊर्जा अधिक, ते केंद्र अधिक घट्ट, अधिक स्थिर, आणि ऊर्जेच्या दृष्टीने अधिक कंगाल. हेलियमच्या बाबतीत ही रक्कम दर कणामागे सुमारे ७.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, लोखंडाच्या बाबतीत ८.८, आणि युरेनियमच्या बाबतीत ७.६.

हे तीन आकडे ध्यानात ठेवले तर बाकीचे सारे त्यांतून निघते. पूर्णेच्या खोऱ्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. उत्तरेला गाविलगडाचा उभा कडा, दक्षिणेला हळूहळू चढत जाणारी जमीन, आणि मध्ये सखल भागात नदी. हायड्रोजन त्या कड्याच्या माथ्यावर आहे, युरेनियम दक्षिणेकडील चढावर आहे, आणि नदीच्या पात्रात लोखंड व त्याचे शेजारी विसावले आहेत. पात्राकडे जाणारी प्रत्येक वाट ऊर्जा मोकळी करते. हलकी केंद्रे एकमेकांत मिळाली तर ती कड्यावरून खाली येतात, हे संमीलन. जड केंद्र दुभंगले तर त्याचे तुकडे दुसऱ्या बाजूने उतरतात, हे विखंडन. जोडण्यानेही ऊर्जा मिळते आणि तोडण्यानेही मिळते, यात विरोधाभास वाटतो, तो केवळ नदी कोठे आहे हे न पाहिल्यामुळे. लोखंडातून मात्र जोडूनही काही मिळत नाही आणि तोडूनही नाही.

युरेनियमचे केंद्र दुभंगले, की तुकड्यांची बंधनऊर्जा दर कणामागे सुमारे ८.५ होते. म्हणजे प्रत्येक कण सुमारे ०.९ ने खाली उतरला. कण २३५, गुणाकार सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टांवर येतो. हा गुणाकार प्रथम केला तो लिझ माइट्नर आणि तिचा भाचा ओटो फ्रिश यांनी, १९३८ च्या डिसेंबरात, स्वीडनमध्ये. हिटलरच्या राज्यातून जीव वाचवून बाहेर पडलेली ही ज्यू शास्त्रज्ञ. बर्लिनमधील तिचे सहकारी हान आणि स्ट्रासमन यांना युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यावर बेरियम सापडले होते, आणि ते तेथे कसे आले हे त्यांना उमगत नव्हते. उलगडा तिने केला. १९४४ चे नोबेल पारितोषिक एकट्या हानला मिळाले. श्रमाच्या वाटपाचा आणि मानाच्या वाटपाचा हिशेब विज्ञानातही नेहमी जुळतोच असे नाही.

आता पुन्हा पारसकडे वळावे. कोळशातील कार्बनचा एक अणू जळला, तर सुमारे ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते. युरेनियमचा एक अणू दुभंगला तर त्याच्या सुमारे पाच कोटी पट. पारसचे दोन्ही संच दिवसभर पूर्ण भाराने चालवायचे, तर भट्टीत सुमारे १,४०० मेगावॉट उष्णता सतत निर्माण व्हावी लागते. कारण उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्साच विजेत उतरतो. त्यासाठी आपल्या राखमिश्रित कोळशाचे रोज अंदाजे सात ते आठ हजार टन लागतात. म्हणजे रोज दोन मालगाड्या. तेवढीच उष्णता दीड किलो युरेनियम-२३५ पूर्ण दुभंगल्याने मिळते. पण येथेच प्रचारकांची पहिली चलाखी पकडली पाहिजे. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये २३५ चा अंश शेकडा ०.७ एवढाच असतो, उरलेले युरेनियम-२३८. आणि भट्टीत २३५ देखील शेवटच्या कणापर्यंत संपत नाही. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या संचांप्रमाणे नैसर्गिक युरेनियम वापरणारी भट्टी घेतली, तर पारसच्या एका दिवसासाठी सुमारे दोनशे किलो इंधन लागेल. दीड किलो नव्हे, दोनशे किलो. तरीही दोन मालगाड्यांपुढे ते काहीच नाही, हे मान्य करण्यात अणुऊर्जेच्या विरोधकाने कमीपणा मानू नये.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. वस्तुमानाची ऊर्जा होणे ही अणुभट्टीची खासियत मानली जाते. तसे नाही. पारसच्या भट्टीतही वस्तुमान घटते. दिवसभराच्या त्या सगळ्या उष्णतेचे वजन केले, तर ते दीड ग्रॅमदेखील भरत नाही. हजारो टन कोळसा, प्राणवायू, राख आणि धूर यांच्या पसाऱ्यात ही दीड ग्रॅमची घट कोणत्याच काट्यावर दिसणार नाही, एवढेच. युरेनियममध्ये तीच दीड ग्रॅमची घट दीड किलोत होते. नियम एकच आहे. कोळशात इलेक्ट्रॉनांचे सैल बंध बदलतात. अणुकेंद्रात अतिशय प्रबळ बलाने बांधलेले कण जागा बदलतात. अणूभोवती जे गूढ वलय रचले गेले आहे, त्याला निसर्गात काही आधार नाही.

थोरियमची जाहिरात होते तेव्हाही बंधनऊर्जेचाच काटा लावून पाहावा. युरेनियम-२३५ च्या केंद्राने एक संथ न्यूट्रॉन गिळला, तर त्या न्यूट्रॉनच्या बंधनातून सुमारे साडेसहा दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट मोकळे होतात. केंद्र दुभंगण्यास ओलांडावा लागणारा बांध सुमारे सहाचा असतो. साडेसहा मिळाले, सहाचा बांध ओलांडला, केंद्र फुटले. फुटताना दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडले, आणि साखळी सुरू झाली. युरेनियम-२३८ किंवा थोरियम-२३२ यांना तोच संथ न्यूट्रॉन दिला, तर पाचांहूनही कमी मिळतात, आणि बांध तसाच उभा राहतो. म्हणून थोरियम स्वतः जळणारे इंधन नव्हे. ते ओले सरपण आहे. आधी दुसऱ्याच्या विस्तवावर वाळवावे लागते. न्यूट्रॉन गिळून, सुमारे महिन्याभराच्या अवधीत टप्प्याटप्प्याने त्याचे युरेनियम-२३३ बनते, आणि हे २३३ मात्र फुटते. आरंभीचे न्यूट्रॉन पुरवायला युरेनियम किंवा प्लुटोनियम लागतेच. भारताच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम विपुल आहे हे खरे, आणि होमी भाभांनी त्यावर दूरदृष्टीने योजना आखली हेही खरे. परंतु ‘थोरियम आपले, म्हणून वीज आपली’ असे सभेत ऐकू आले, की विस्तव कोणाचा, असे विचारले पाहिजे.

विखंडनाचा खरा प्रश्न मिळणाऱ्या ऊर्जेचा नाही. तो राखेचा आहे. जड केंद्रात न्यूट्रॉनांचे प्रमाण अधिक असते. युरेनियम-२३५ मध्ये ९२ प्रोटॉनांना १४३ न्यूट्रॉन. मध्यम वजनाच्या केंद्रांना इतके न्यूट्रॉन पेलत नाहीत. म्हणून फुटलेले तुकडे जन्मतःच अस्थिर असतात, आणि न्यूट्रॉनांचे प्रोटॉन करीत, किरण बाहेर टाकीत, पायरी पायरीने स्थिर होतात. कोणाचे काही सेकंदांत भागते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. सीझियम-१३७ आणि स्ट्राँशियम-९० यांचे सुमारे तीस वर्षांचे. आयोडीन गळ्यातील ग्रंथीत साचते, स्ट्राँशियमला शरीर कॅल्शियम समजते आणि हाडांत ठेवून घेते. शिवाय न फुटता न्यूट्रॉन गिळलेल्या युरेनियम-२३८ चे प्लुटोनियम-२३९ होते, त्याचे अर्धायुष्य चोवीस हजार वर्षांचे. हा कोणा अभियंत्याचा निष्काळजीपणा नव्हे. पूर्णेच्या त्या दक्षिण उतारावरून खाली येण्याची ही अटळ किंमत आहे. ज्या कारणाने ऊर्जा मिळते, त्याच्याच पोटी ही राख जन्मते.

आणि ही राख गरम असते. नियंत्रक दांडे खाली सोडले की साखळी थांबते, विखंडन थांबते. परंतु तुकड्यांची धुसफूस थांबत नाही. भट्टी बंद केल्याच्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या शेकडा सहा-सात भाग उष्णता निर्माण होत असते, तासाभराने शेकडा दीडच्या आसपास, दिवसानंतर सुमारे अर्धा. कोळशाच्या भट्टीचा कोळसा तोडला की ती निवते. अणुभट्टीला ‘बंद’ या शब्दाचा पूर्ण अर्थ माहीत नाही. ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच फुकुशिमाच्या चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद झाल्या होत्या. पाठोपाठ आलेल्या सागरी लाटेने पंपांची वीज हिरावून घेतली, आणि बंद पडलेल्या तीन भट्ट्यांतील इंधन स्वतःच्या उरलेल्या उष्णतेने वितळले. अमेरिकेतील थ्री माइल आयलंडच्या १९७९ च्या अपघाताचेही मूळ हेच. चेर्नोबिलचे १९८६ चे प्रकरण वेगळे. तेथे साखळीच हाताबाहेर गेली होती. भाषणात ही तिन्ही नावे एका दमात घेण्याची प्रथा पडली आहे. ती सोडलेली बरी, कारण समोरचा जाणकार नेमके तेथेच बोट ठेवतो.

कोळशाची बाजू घेण्याचा येथे हेतू नाही. चंद्रपूर आणि वणीच्या खाणी, त्यांतील कामगारांची फुप्फुसे, पारसच्या राखेने माखलेली शेते, आणि हवेत जमत जाणारा कर्बवायू हा सारा हिशेब त्या धुराड्याच्या खात्यात मांडावाच लागेल. एका इंधनाची राख मोजायची आणि दुसऱ्याची विसरायची, हे वैज्ञानिक दृष्टीचे लक्षण नव्हे.

संमीलनाविषयी थोडक्यात पुरे. अकोल्याच्या मे महिन्यात ज्याच्या नावाने लोक कपाळाला हात लावतात, तो सूर्य दर सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजनचे हेलियम करतो आणि त्यात चाळीस लाख टनांहून अधिक वस्तुमान गमावतो. गंमत अशी, की त्याच्या गाभ्यातील एक घनमीटर भाग ३०० वॉटदेखील देत नाही. गावाबाहेरचा शेणखताचा तापलेला ढीगही साधारण तेवढीच ऊब देतो. सूर्य प्रखर आहे तो आकाराने. पृथ्वीवरच्या यंत्राला ही चैन परवडत नाही; म्हणून ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांना दहा-पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवून कोंडावे लागते. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत भागीदार आहे, आणि गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून ‘आदित्य’ यंत्रावर काम झाले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगशाळेने लेसरचे २.०५ एकक टाकून संमीलनाचे ३.१५ एकक मिळविले, तेव्हा ऊर्जेचा प्रश्न सुटल्याच्या बातम्या छापून आल्या. त्या लेसरने विजेच्या तारांतून सुमारे ३०० एकक ओढले होते, हे मात्र आतल्या पानावर गेले. संशोधन अवश्य चालावे. आजच्या वीजटंचाईचे उत्तर म्हणून त्याचा हवाला देणे ही फसवणूक आहे.

तर मग इतका सरळ हिशेब लोकांपासून दूर का राहिला? १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमाने माहिती रोखून धरण्याचा अधिकार सरकारला दिला होता. त्यामागे एक भौतिक कारणही होते: भट्टीत युरेनियम-२३८ पासून बनणारे प्लुटोनियम बॉम्बलाही चालते, आणि १८ मे १९७४ रोजी पोखरणला वापरलेले प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस भट्टीतूनच आले होते. बॉम्बचे गुपित राखण्यासाठी विजेचा जमाखर्चही गुपित ठेवण्याची सवय जडली. तारापूरला १९६९ साली भारतातील पहिले अणुवीजकेंद्र अमेरिकन भट्ट्यांवर सुरू झाले. पुढच्या दोन संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. जैतापूरला १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या योजल्या, तेव्हा माडबन आणि साखरी नाट्याच्या लोकांनी प्रश्न विचारले, आणि एप्रिल २०११ मध्ये आंदोलकांवर गोळीबार होऊन एका मच्छीमाराचा बळी गेला. फुकुशिमाला तेव्हा जेमतेम महिना लोटला होता. त्यांचे बरेच प्रश्न बंद भट्टीच्या उष्णतेविषयीचे आणि समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याविषयीचे होते. म्हणजे शुद्ध भौतिकीचे होते. आता खाजगी कंपनी दारात उभी आहे. कालपर्यंत राष्ट्राच्या सुरक्षिततेच्या नावाने झाकलेली फाईल उद्या व्यापारी गुपिताच्या नावाने झाकली जाणार असेल, तर नागरिकाच्या दृष्टीने बदलले काय?

कोकणात निदान समुद्र आहे. वऱ्हाडात काय आहे? अकोला आणि अमरावतीचा मोठा भाग खारपाण पट्ट्यात येतो; विहिरीला पाणी लागले तरी ते ओठाला लावता येत नाही. नांदगावपेठच्या औष्णिक केंद्राला ऊर्ध्व वर्धेचे पाणी देण्यावरून, शेतीच्या वाट्याचे पाणी उद्योगाला का, हा वाद अमरावतीने पाहिलेला आहे. पारसच्या दोन संचांएवढी अणुभट्टी या भागात कोणी सुचविली, तर तिला चालू असताना कोळशाच्या केंद्राएवढे किंवा थोडे अधिकच पाणी लागेल. परंतु खरा फरक भट्टी बंद केल्यावर दिसेल. बंद केल्यानंतर चोवीस तासांनी तिच्या पोटात सुमारे सात मेगावॉट उष्णता उरलेली असेल, आणि ती पाण्याची वाफ करून घालवायची म्हटले तर त्या दिवशी सुमारे अडीच लाख लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर. एक युनिटही वीज न देणाऱ्या केंद्रासाठी. पुढे ही गरज कमी होत जाईल, पण ती महिनोन्‌महिने शून्यावर येणार नाही. मे महिन्यात, नद्यांची पात्रे कोरडी असताना आणि गावे टँकरची वाट पाहत असताना, हे पंचवीस टँकर कोठून भरायचे, कोणाच्या आधी आणि कोणाच्या हुकुमाने, याचे लेखी उत्तर जिल्हाधिकारी कचेरीत जागेचा नकाशा येण्यापूर्वी मागावे.